गिरणीचा भोंगा थांबल्यावर वयात आलेली मुले

(विटा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी चित्रपटांवर बोलणार आहे असे कळल्यावर आपल्यातील एका जुन्या सहकाऱ्याने मला थोडे रागानेच विचारले, "यंत्रमागावरच्या मजुरीचा प्रश्न समोर असताना तुम्हांला सिनेमा कसा सुचतो?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत वयात येणाऱ्या मुलांवर आपल्याकडे गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बरेच चित्रपट निघाले. आपली मुले ते पाहतात, त्यांतले संवाद पाठ म्हणतात, त्यांतल्या नायकासारखे केस राखतात. ही मुले काय पाहतात हे ठाऊक नसलेला कार्यकर्ता त्यांच्याशी बोलणार तरी कोणत्या भाषेत? शिवाय पडद्यावरची ती मुले परकी नाहीत. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून मुंबईला गेलेल्या माणसांची ती नातवंडे आहेत. येथून कोणी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले, तर कोणी गिरणगावात शिरले. माझे वडील गिरणीत गेले. म्हणून हा विषय मला मुंबईचा वाटत नाही, घरचा वाटतो.

आधी एक साधा प्रश्न विचारू. मुलगा वयात येतो म्हणजे काय होते? मिसरूड फुटते, आवाज बदलतो, हे निसर्गाचे काम झाले. समाजाच्या लेखी कष्टकऱ्याचा मुलगा वयात येतो तो कामावर लागतो त्या दिवशी. मुंबईतल्या आमच्या खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांच्यात एखादे पोर गावाहून येई आणि काही महिने वडीलधाऱ्यांची भांडी घाशी. मग कोणीतरी मुकादमाच्या हातापाया पडून त्याला बदली कामगार म्हणून आत घेववी. पहिला पगार झाला की गावी मनिऑर्डर जाई. त्या दिवसापासून खोलीतली माणसे त्याला 'अरे-तुरे' करीतच, परंतु पंचायतीच्या वेळी त्याचेही मत विचारू लागत. खानावळीत त्याचे खाते उघडे, भजनी मंडळात त्याला टाळ मिळे, युनियनच्या पावतीवर त्याचे नाव लिहिले जाई. गिरणीचे फाटक हे असे वयाचे फाटक होते. रस्त्यावर टाकून दिलेले अर्भक म्हणून गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराच्या हाती लागलेला एक मुलगा त्याच गिरणगावात कामगार, शिपाई, शिक्षक आणि शेवटी कवी नारायण सुर्वे झाला. ती वस्ती काही सुखाची नव्हती. पण मुलाला माणूस होण्याची एक वाट तिच्यात होती.

या वाटेचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. ते फाटक सर्वांना सारखे उघडे नव्हते. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि दलिताच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. म्हणून चांगल्या मजुरीच्या विणाई खात्यात दलित कामगारास प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा कामगार चळवळीतील पुष्कळांना तो अडचणीचा वाटला. विट्यात धोटा कशाला म्हणतात हे समजावून सांगण्याची गरज नाही. ते फाटक काहींना कधीच नीट उघडले नव्हते आणि पुढे सर्वांनाच बंद झाले, या दोन्ही गोष्टी एकदमच ध्यानात ठेवाव्या लागतात.

ज्यांना फाटक उघडले नाही त्यांची गोष्ट मराठी साहित्याने चित्रपटाच्या आधी सांगितली. आपल्याच जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत गेले, गिरणीत राबले, चिरागनगरच्या झोपडीत राहिले. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा वारणाकाठचा. उपनगरातल्या खाणीवरचे काम सुटल्यावर तो प्रेतांच्या राखेत आणि हाडांत सोने शोधू लागतो. अखेर त्या नादात हाताची बोटे गमावून बसतो, आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारे हात निकामी झाल्यावर आलेली ती बातमी मला फार मोठी वाटते. पुढे १९६३ साली जयवंत दळवींची 'चक्र' आली, १९६५ साली भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' आला. 'वासूनाक्या'वर अश्लीलतेचे केवढे काहूर उठले! नाक्यावरची पोरे कशी बोलतात याने आपण संतापलो. ती दिवसभर नाक्यावरच का असतात, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला राहिला.

'चक्र'वर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली हिंदी चित्रपट काढला. गाव सोडून आलेली अम्मा आणि तिचा वाढता मुलगा बेनवा ही त्यातली मुख्य पात्रे. अम्माचे काम स्मिता पाटीलने केले. बेनवाच्या डोळ्यांपुढे आदर्श कोण, तर वस्तीतला लुक्का. लुक्काजवळ पैसा दिसतो, रुबाब दिसतो, पोलिसांना चकवण्याची हुशारी दिसते. पुढे त्याच लुक्काच्या वाट्याला रोग येतो आणि पोलिसांचा मार येतो. शेवटी वस्तीवर बुलडोझर फिरतो. या चित्रपटातली मला पटलेली गोष्ट अशी, की बेनवा जन्मतः वाईट नाही, तसाच तो देवदूतही नाही. वस्तीत पुरुष होण्याचे जे एक शिक्षण उपलब्ध आहे ते तो घेतो. दुसरी शाळा त्याच्यासाठी कोणी उघडलेलीच नाही.

यानंतर १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, आणि एकाच मान्यताप्राप्त संघटनेच्या दावणीला कामगारांना बांधणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या मागण्या होत्या. संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. हजारो माणसे गावी परतली आणि त्यांतली कित्येक आपल्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडांवर उतरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, आणि जेथे भोंगा होत असे तेथे बाजारमहाल उभे राहिले. संपाच्या अर्थकारणावर आपण पुष्कळ लिहिले, बोललो. संपानंतर वयात आलेल्या मुलांवर मात्र आपण फारसे बोललो नाही. ते काम, बरेवाईट कसेही असो, नाटकाने आणि चित्रपटाने केले.

एन. चंद्रा यांचा 'अंकुश' १९८६ चा. चार बेकार तरुण, नाक्यावरचा वेळ, गणपतीच्या मंडपावरून हाणामाऱ्या. मग एका मुलीवरील अत्याचाराचा सूड. मी तो माझ्या चुलतभावाबरोबर पाहिला. त्याचे वडील संपात घरी बसले होते आणि तो स्वतः तेव्हा नाक्यावरच असे. चित्रपटगृहात शिट्ट्यांचा पाऊस पडत होता आणि हा मुकाट बसलेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पिक्चर खरा आहे. पण त्या चौघांना काम असतं ना, तर अर्ध्या तासात संपला असता." समीक्षा म्हणून याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही. पुढे त्याच्यावर मारामारीची केस झाली, काही वर्षे गेली, तो गावी आला आणि यंत्रमागावर लागला. तो वाचला याचे श्रेय कोणत्याही संघटनेला देता येत नाही, आपल्यालाही नाही. त्याच्या आईने त्याला गाडीत बसवले, एवढेच.

सईद अख्तर मिर्झा यांचा 'सलीम लंगडे पे मत रो' १९८९ चा. दोन टाकीच्या वस्तीतला सलीम हा छोटा गुंड. बाप गिरणीतला, संपानंतर काम गेलेला. थोरला भाऊ कामावर असताना विजेच्या धक्क्याने गेला. म्हणजे या घरात प्रामाणिक कामाने एकाची भाकरी गेली आणि दुसऱ्याचा जीव गेला. मग तिसऱ्याने कामावर विश्वास का ठेवावा? सलीमच्या बहिणीसाठी ज्या अस्लमचे स्थळ येते तो शिकलेला, मुद्रिते तपासून थोडक्या पगारात राहणारा माणूस आहे. आपल्या समाजाला शिक्षणाची गरज आहे, असे तो शांतपणे सांगतो. त्याच्या सहवासात सलीम बदलू लागतो, नीट जगायचे ठरवतो, आणि त्याच वेळी मारला जातो. दंगलींच्या सावटाखालचा मुसलमान तरुण येथे कोणतीही सजावट न करता उभा आहे. हा चित्रपट आपल्या अभ्यासवर्गांत आजवर दाखवला गेला नाही, याची मला खंत आहे.

जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ चे. संपाने मोडलेल्या धुरी कुटुंबातले तीन भाऊ: एक लेखक होऊ पाहणारा, एक क्रिकेटच्या वेडात बुडालेला, एक टोळीत शिरलेला. एकाच खोलीतल्या तीन भावांना तीन वाटा दिसतात, आणि तिन्ही वाटा अधांतरी. याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली 'लालबाग परळ' काढला. मूळ नाटकात जे खोलीच्या चार भिंतींत कोंडून राहते ते चित्रपटात रस्त्यावर येते, रक्ताचे प्रमाण वाढते, आणि थोडा विचार गळतो. तरीही गिरणी का बंद पडली आणि तिच्या जमिनीवर कोणाचा डोळा होता, हा प्रश्न त्याने सर्वसामान्य प्रेक्षकापुढे मांडला, हे मान्य केले पाहिजे.

त्याच दिग्दर्शकाचा १९९९ चा 'वास्तव' आपल्या मुलांनी अधिक वेळा पाहिला आहे. रघूचे पिस्तूल आणि गळ्यातली सोन्याची साखळी सर्वांना आठवते. मी त्यांना एकच आठवण करून देतो: रघूने सुरुवातीला पावभाजीची गाडी टाकली होती, आणि ती बरी चालली होती! दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी झालेल्या भांडणात खून घडला आणि गाडी गेली. त्यानंतर रघूचे जे 'मोठे होणे' चालते ते वस्तुतः माणूस म्हणून लहान लहान होत जाणे आहे. अखेर आईलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. दिग्दर्शकाला हे सांगायचे नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु गोळीचा आवाज भाकरीच्या आवाजापेक्षा मोठा असतो, आणि धंदेवाईक चित्रपटाला तोच विकावा लागतो. मुलगा घरी नेतो ते पिस्तूल. गाडी चित्रपटगृहातच राहते.

हे केवळ मुंबईत घडते असे नाही. १९५० साली लुई बुन्युएल यांनी मेक्सिको शहरातील अनाथवत मुलांवर 'लोस ओल्विदादोस' हा चित्रपट केला. त्यात सुधारगृहाचा प्रमुख पेड्रो नावाच्या मुलाच्या हाती पैसे देऊन त्याला बाहेर सिगारेट आणायला पाठवतो. तू परत येशील असा विश्वास दाखवतो. पेड्रो परत येणारही असतो, पण फाटकाबाहेर त्याचा जुना साथीदार उभाच असतो. एका भल्या माणसाचा विश्वास रस्त्यापुढे अपुरा पडतो. अमेरिकेत जॉन सिंगलटन या कृष्णवर्णीय तरुणाने १९९१ साली लॉस एंजलिसमधल्या आपल्याच वस्तीवर 'बॉइज एन द हूड' काढला. त्यात एक बाप आपल्या मुलाला आणि त्याच्या मित्राला भर रस्त्यात उभे करून विचारतो, की आपल्याच वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचे आणि बंदुकांचे दुकान का? आपण एकमेकांना मारून वस्ती ओसाड केली की स्वस्तात जमीन घेणारे कोण? ते दृश्य पाहताना मला परळ आठवले. मुलाला उपदेश करणारे बाप चित्रपटांत पुष्कळ असतात. त्याला जमिनीचा भाव समजावून देणारा बाप विरळा.

अलीकडच्या दोन चित्रपटांची तुलना करून मी पुढे जातो. झोया अख्तर यांच्या २०१९ च्या 'गली बॉय'मधला मुराद धारावीचा. बाप वाहनचालक, तो जायबंदी झाल्यावर मुलगा श्रीमंतांच्या गाडीवर त्याच्या जागी बसतो. चाकरी करणाऱ्याच्या मुलाने स्वप्न पाहू नये, या बापाच्या शिकवणीविरुद्ध तो गाण्यातून उठतो, आणि ती उठावणी खरी वाटते. परंतु चित्रपट संपतो तो एका स्पर्धेच्या मंचावर. एक मुलगा जिंकतो. त्याचा मित्र मात्र गुन्हेगारीच्या वाटेने तुरुंगात जातो. वस्ती जिथल्या तिथे राहते.

नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' नावापासूनच निराळा. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणले, त्या कार्यावर तो बेतलेला आहे. मंजुळ्यांनी यातली मुले नागपूरच्या वस्त्यांतूनच निवडली. महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. मुलगा मैदानात आला तरी प्रश्न सुटत नाही. पासपोर्टसाठी तो कोण आहे याचा कागद लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिची नोंदच झाली नाही त्या आदिवासी मुलीने तो आणायचा कोठून? सरकारी कचेरीतल्या त्या फेऱ्या पाहताना आपल्या तहसील कार्यालयाच्या पायऱ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. येथे वयात येणे म्हणजे एकट्याने निसटणे नव्हे, संघात खेळणे आहे. अमिताभ बच्चन यांनी १९७५ च्या 'दीवार'मध्ये गोदीवरच्या हमालाचा तस्कर होताना दाखवला होता. त्याच नटाला मंजुळ्यांनी मास्तर करून मुलांमागे उभे केले. या सत्तेचाळीस वर्षांच्या प्रवासाला काही अर्थ आहे, असे मी मानतो.

आणखी एका उणिवेचा उल्लेख केला पाहिजे. या बहुतेक चित्रपटांत मुलगे वयात येतात. मुली फक्त सोसतात. 'अंकुश'मध्ये मुलीवरचा अत्याचार हे नायकांच्या सुडाचे कारण होते, 'सलीम'मध्ये बहिणीचे लग्न हे भावाच्या सुधारण्याचे कारण होते, 'वास्तव'मध्ये आईने बंदूक उचलायची ती मुलाची सुटका करण्यासाठी. संपाच्या काळात खानावळी चालवून, धुणीभांडी करून घर ज्यांनी तगवले त्या बायका आणि त्यांच्या मुली कोणत्या फाटकातून मोठ्या झाल्या? 'झुंड'मध्ये मुली मैदानात उतरतात, ही सुरुवात म्हणायची. आपल्या अभ्यासवर्गातही आज किती भगिनी बसल्या आहेत हे मागे वळून पाहावे, म्हणजे केवळ दिग्दर्शकांना दोष देण्याचा मोह होणार नाही.

मित्रहो, आता माझा मुख्य मुद्दा. हे सारे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहिले की एक गोष्ट मनाला टोचते. त्यांत पोलीस आहे, पुढारी आहे, दादा आहे, बिल्डर आहे, क्वचित मास्तर आहे. आपण कोठे आहोत? संघटनेचा कार्यकर्ता जर आलाच, तर तो एक तर विकला गेलेला असतो किंवा भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीत असतो. आपली बदनामी केली म्हणून रागावणे सोपे आहे. परंतु त्या मुलाच्या वाटेवर, दादाच्या आधी, आपण खरोखर उभे होतो का? संप चालू होता तोपर्यंत आपण बापाशी बोललो. फाटकाबाहेर उभ्या मुलाशी कोणी बोलले नाही. दादा मात्र बोलला. त्याने त्याला चहा पाजला, नावाने हाक मारली, काम सांगितले.

याच मातीत एके काळी वेगळे घडले होते. १९४३ च्या सुमारास क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात अठरा-वीस वर्षांची पोरे तूफान सेनेत शिरली. कुंडलच्या आसमंतात त्यांनी कवायत केली, निरोप पोचवले, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, गावच्या न्यायनिवाड्याला पहारा दिला. त्यांच्या अंगातली रग काही आजच्या पोरांहून कमी नव्हती. फरक एवढाच, की त्या रगीला एक काम मिळाले आणि त्या कामाला गावाचा मान मिळाला. हत्यार त्यांच्याही हाती होते. परंतु ते कशासाठी उचलायचे आणि केव्हा खाली ठेवायचे हे ठरवणारी संघटना होती.

आज विट्यात काय दिसते? मागांची खटखट आहे, पण तिच्यात आपला मुलगा घालायला बाप तयार नाही. मजुरी पाहता त्याला दोष देता येत नाही. मुलगा पुण्याला जातो, दुचाकीवरून लोकांना घरपोच जेवण पोचवतो. त्याला मालक दिसत नाही, दिसतो तो हातातला फोन. दुसरा स्पर्धा परीक्षेच्या खोलीत तिशी गाठतो. तिसरा गावीच राहतो आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर कोणा 'भाऊ'च्या शेजारी आपले छायाचित्र छापले गेले की तेवढ्यापुरता मोठा होतो. तिघेही वयाने पुरुष झाले आहेत. तिघांनाही पंचायतीत कोणी मत विचारलेले नाही. लालबागचा नाका आता विट्याच्या चौकात येऊन उभा आहे, आणि त्यासाठी येथे गिरणी बंद पडण्याचीही गरज लागली नाही.

मग करायचे काय? मी मोठा कार्यक्रम सांगत नाही. महिन्यातून एक चित्रपट वाचनालयात मुलांना दाखवा आणि नंतर तासभर त्यांना बोलू द्या. आपण गप्प बसा. पिस्तुलाच्या आधी काय होते, एवढाच प्रश्न विचारा. घरपोच जेवण पोचवणारी मुले सुटीला गावी येतात तेव्हा त्यांची बैठक घ्या, त्यांचा दर कोण ठरवतो आणि अपघात झाला तर कोण भरपाई देतो हे त्यांच्याच तोंडून लिहून काढा. एखाद्याला दाखला मिळत नसेल तर त्याच्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढा. आणि मजुरीच्या वाटाघाटीला जाताना एका तरुणाला बरोबर न्या. वह्या धरायला नव्हे, बोलायला. तो चुकेल. आपणही चुकलो होतो.

माझ्या त्या सहकाऱ्याला माझे उत्तर असे आहे. मजुरीचा प्रश्न आणि सिनेमाचा प्रश्न वेगळे नाहीत. आपण मजुरीसाठी भांडतो ती केवळ पोटासाठी नव्हे. मुलाला मान वर करून वयात येता यावे यासाठी भांडतो. माझा चुलतभाऊ आज साठीच्या घरात आहे. हे भाषण करणार आहे असे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "पोरं येणार आहेत का ऐकायला, का तुम्हीच सगळे?" मी समोर पाहतो आहे. पुढच्या वेळी त्याला निराळे उत्तर देता आले पाहिजे.